रोव्हानिएमीत भाड्याने मिळणारे बर्फाचे कपडे: जळगावच्या माणसांनी घ्यावेत का?

पाचपैकी चार स्टार. ज्यांना एवढंच पाहिजे होतं त्यांचं काम झालं, बाकीच्यांनी निवांत चहा घेऊन वाचा कारण हे लांबणार आहे.

फिनलंडच्या लॅपलँडमधे रोव्हानिएमी म्हणून गाव आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी खाली टेकलेलं. तिथे भर गावात, हॉटेलांपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी बर्फाचे कपडे आणि बूट भाड्याने देणारं एक दुकान आहे, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तिथे अशी बरीच दुकानं आहेत आणि मी जे सांगणार ते जवळपास सगळ्यांना लागू पडतं, शिवाय पुढे थोडी तक्रारही आहे. आम्ही गेलो होतो ते मी, आमचे हे, पोरगा आणि सासूबाई. हो, सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते, वय सत्तरीच्या आसपास, गुडघे बरे आहेत आणि जिद्द आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि डिसेंबरात आठ-दहा अंश झाले की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, त्यामुळे उणे वीस ऐकलं की माणूस घाबरून जे दिसेल ते विकत घेतो. ओळखीतले एकजण तर जाड जॅकेट, बर्फाचे बूट, कानटोपी सगळं घरातल्या प्रत्येकासाठी नवीन घेऊन गेले, दोन बॅगा त्यातच भरल्या, आणि आता ते सगळं माळ्यावर पडलंय, कारण जळगावात ते कधी घालणार भो तुम्ही? म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: अंगाला चिकटणारे आतले कपडे इथून चांगले घ्या, आणि बाहेरचा सगळा जाडजूड माल तिथे भाड्याने घ्या. उलटं केलं तर पैसे पण जातात आणि थंडी पण वाजते.

दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या पोराने साइज विचारायच्या आधी विचारलं की तुम्ही करणार काय? बसून राहणार का चालणार? मला हे फार आवडलं. कारण कुत्री बर्फावरून ओढतात त्या गाडीत जो बसतो त्याला हालचाल शून्य असते, त्याला जाड वन-पीस, म्हणजे जॅकेट-पँट एकत्र शिवलेला अंगरखा लागतो, आणि जो जंगलात चालतो किंवा टेकडी चढतो त्याला तोच वन-पीस घातला तर अर्ध्या तासात आतून ओला होतो. तिकडे थंडीने माणूस जेवढा गारठत नाही तेवढा स्वतःच्या घामाने गारठतो. चालताना गरम झालं म्हणून घाम आला, मग फोटो काढायला पाच मिनिटं थांबलो, की तो घाम पाठीवर बर्फासारखा गार पडतो. म्हणून तिथले लोक चालायला निघताना मुद्दाम थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घालून निघतात आणि चालता चालता चेन खाली-वर करत राहतात. आपण काय करतो, हॉटेलच्या रूममधेच सगळं चढवून, टोपी-मफलर बांधून, लिफ्टची वाट बघत घामेघूम.

बायकांसाठी एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही ती मी सांगते. वन-पीस घेऊ नका. बाथरूमला जायचं म्हटलं की सगळा अंगरखा खांद्यापासून खाली उतरवायचा, आत स्वेटर, आत थर्मल, आणि बाहेर जंगलात लाकडी संडास असेल तर विचारूच नका. जॅकेट वेगळं आणि खाली खांद्याच्या पट्ट्यांची पँट, असा टू-पीस मागा, दुकानात असतो पण आपण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. आईंना आधी वन-पीसच दिला होता, तो हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ओ माय वं, हाई पोतं मी घालू का आते?" मग बदलून घेतला. साडीचा विषय घरीच मिटवून गेलो होतो, आत लोकरीची लेगिंग आणि वरून सलवार, त्यांनी काहीच कुरकुर केली नाही, उलट परत आल्यावर लेगिंग हिवाळ्यात साडीखाली घालायला लागल्या.

आतल्या कपड्यांचं सांगते कारण इथेच लोक चुकीचा माल घेतात. आपल्या बाजारात थंडीत थर्मल म्हणून जे पांढरे-करडे सेट मिळतात ते बहुतेक सुती किंवा सुती मिक्स असतात. पहाटे मेहरूण तलावावर फिरायला ते उत्तम, पण सूत घाम पिऊन घेतं आणि वाळत नाही, म्हणजे उणे तापमानात ओलं फडकं अंगाला बांधून फिरल्यासारखं. तिथे लागते मेरिनो मेंढीची लोकर नाहीतर चांगल्या प्रतीचं पॉलिस्टर, ऑनलाइन मिळतं, मेरिनो महाग आहे पण दोनच जोड पुरतात कारण तिला वास लवकर लागत नाही. त्याच्यावर फ्लीस (मऊ, केसाळ उबदार कापड) किंवा साधा लोकरीचा स्वेटर, आणि त्याच्यावर भाड्याचं जॅकेट. बस. चार-चार स्वेटर चढवायची गरज नाही, कारण थर जरा सैल असले तरच मधे हवा राहते आणि ती हवाच गरम ठेवते. घट्ट कोंबले की थर असून नसल्यासारखे.

बूट. ह्यासाठी दुकानाला वेगळे मार्क द्यायचे झाले तर दहापैकी दहा देईन. आतून काढता येणारं नमद्याचं अस्तर असलेले उंच बूट होते, पोराने आपल्या नेहमीच्या नंबरपेक्षा मोठे दिले आणि सांगितलं की आत बोटं हलली पाहिजेत. आमचे हे दोन-दोन जाड मोजे घालायच्या तयारीत होते, त्याने एक काढायला लावला, कारण पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि मग कितीही भारी बूट असो, बोटं सुन्न पडतात. रात्री अस्तर बाहेर काढून वाळवायचं, तिकडच्या कॉटेजमधे बऱ्याच ठिकाणी कपडे वाळवायचं गरम कपाट असतं, त्यात ठेवलं की सकाळी कोरडं ठणठणीत. आणि बायांनो, जोडवी काढून ठेवा. बोट थंडीने नाही तर बुटाने दाबलं जातं, वर ते धातूचं. कानातली मोठी झुंबरं पण काढा, उणे वीसमधे धातू कानाला जाम गार लागतो. मंगळसूत्र थर्मलच्या आत राहूद्या, तिथे ते गरमच राहतं, काही होत नाही.

हातमोजे पाच बोटांचे घेऊ नका, सगळी बोटं एकत्र राहतात तसे मिटन घ्या, आणि फोटो काढायला आत पातळ लोकरीचे पाच बोटांचे घाला म्हणजे मिटन काढलं तरी कातडी उघडी पडत नाही. फोनचं म्हणाल तर थंडीत लिथियम बॅटरी झपाट्याने उतरते, साठ टक्के दिसत असताना धाडकन बंद पडतो. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. पॉवर बँकही तशीच, आणि विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमधे टाकायची नाही. कॅमेरा असेल तर बाहेरून गरम खोलीत येताना तो बाहेरच असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणा आणि तासभर तसाच ठेवा, नाहीतर काचेवर आणि आतही पाणी धरतं. चष्मेवाल्यांनी प्रत्येक दुकानात शिरताना दोन मिनिटं आंधळं व्हायची तयारी ठेवा, त्याला इलाज नाही.

तोंडाला खोबरेल तेल न्यायचा आईंचा आग्रह होता. खोबरेल चोवीस अंशाच्या खाली गोठायला लागतं, जळगावच्या थंडीत पण बाटली ऊन दाखवल्याशिवाय निघत नाही, तर तिथे काय होणार. साधं व्हॅसलीन न्या. गालाला, नाकाला, ओठाला. वारा असेल तर तोंडावर बफ, म्हणजे गळ्यातला नळीसारखा कापडी पट्टा ओढा, कारण आकडा उणे वीसचा दिसला तरी ताशी तीस किलोमीटर वाऱ्यात अंगाला ते उणे तेहतीससारखं लागतं, आणि स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाडीवर बसलात की तो वारा तुम्ही स्वतःच तयार करता.

आता एक पैसे वाचवायची गोष्ट. हस्की कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाइल, रात्रीची ऑरोरा (आभाळात हलणारा रंगीत उजेड) बघायची टूर, ह्या बहुतेक कंपन्या टूरपुरते ओव्हरऑल, बूट, मिटन टूरच्या पैशातच देतात. बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. म्हणजे त्या दिवसाचं दुकानाचं भाडं देऊ नका, फक्त जे दिवस तुम्ही स्वतः फिरणार तेवढेच धरा. पूर्ण सेटला दिवसाला साधारण तीस-चाळीस युरो धरून चाला, जास्त दिवस घेतले की रोजचा दर खाली येतो, लहान मुलांचा कमी. युरो म्हणजे शंभराच्या आसपास हिशोब करा, मग कळेल एकेक दिवस वाचवणं का महत्त्वाचं.

कपडे खऱ्या अर्थाने कुत्र्यांच्या गाडीत तपासले गेले. निघायच्या आधी ती कुत्री एवढी बोंब मारतात की पोरगा कानावर हात ठेवून उभा, आणि गाडी सुटली की एकदम चिडीचूप, नुसता बर्फावर घसरण्याचा आवाज. मागे उभं राहून ब्रेक सांभाळणाऱ्याला थंडी कमी वाजते, पुढे बसलेल्याला जास्त, म्हणून म्हातारी माणसं आणि पोरं पुढे बसणार असतील तर त्यांना रेनडिअरचं कातडं आणि ब्लँकेट मागून घ्या. मागे उभं असाल तर गाडीच्या दांड्यावरचा हात कधीच सोडायचा नाही, पडलात तरी गाडी पुढे निघून जाते कारण कुत्र्यांना तुमची काही पडलेली नसते. स्नोमोबाइल आम्ही केली नाही, चालवणाऱ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स लागतं आणि गाडी ठोकली तर ठराविक रकमेपर्यंत खर्च आपल्या खिशातून जातो, ही अट सही करायच्या आधी विचारून घ्या. आपलं लायसन्स चालतं का तेही बुकिंगच्या आधी.

रेनडिअर बघायला गेलात तर मालकाला तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत असं विचारू नका. लॅपलँडमधे जंगलात फिरणारा प्रत्येक रेनडिअर कोणाचा तरी असतो आणि आकडा विचारणं म्हणजे बँकेत किती आहेत विचारणं. आमच्या ह्यांना शेतकऱ्याला किती एकर विचारायची सवय, मी आधीच कोपर मारून ठेवलं होतं.

ऑरोराबद्दल खरं सांगू का, डोळ्याला ती फोनमधल्या फोटोइतकी हिरवीगार दिसत नाही. जोरदार असेल तर दिसते, हलते, अंगावर काटा येतो, पण हलकी असेल तर आधी राखाडी ढगच वाटतो आणि फोनच्या नाइट मोडमधे हिरवा निघतो. शंभर किलोमीटर उंचीवर आणि त्याहून वर ऑक्सिजन चमकतो म्हणून हिरवा रंग, आणि आपल्या नि तिच्या मधे ढग आला की संपलं. त्यामुळे ऑरोरा घडवणारं सूर्यावरचं वादळ किती ह्यापेक्षा आभाळ मोकळं आहे का ते जास्त बघा, आणि टूरवाला गाडी घेऊन मोकळ्या आभाळाच्या शोधात लांब जाणारा आहे का नुसता तळ्याकाठी शेकोटी करून बसवणारा आहे ते विचारा. दिसली नाही म्हणून पैसे परत बहुतेक कोणी देत नाही. आणि हीच ती वेळ जेव्हा कपडे सगळ्यात जास्त लागतात, कारण रात्री दोन-तीन तास नुसतं उभं राहायचं असतं. इथे भाड्याच्या बुटांनी मन जिंकलं. थंड जमिनीवर उभं राहाल तर पायाखाली गवत, लाकडाची फळी, काहीही घ्या, थेट बर्फावर नको.

सांताक्लॉज व्हिलेज गावापासून आठेक किलोमीटरवर, आठ नंबरची बस जाते. आत शिरायला पैसे नाहीत, सांताला भेटायलाही नाहीत, फोटोचे मात्र घेतात आणि चांगलेच घेतात. जमिनीवर ध्रुववृत्ताची रेघ आखलेली आहे, खरं वृत्त दरवर्षी थोडं थोडं उत्तरेला सरकतं त्यामुळे ती रेघ म्हणजे फोटोपुरती, पण फोटो काढाच. पोस्टातून आजी-आजोबांना पत्र टाका, शिक्का तिथलाच बसतो.

रस्त्यावर चालायचं शिकावं लागतं. टाच आधी टेकली की गेलात. पाय सपाट टाकत, छोटी छोटी पावलं, हात खिशाबाहेर. बुटाखाली लावायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथल्या सुपरमार्केटात मिळतात, आईंसाठी पहिल्याच दिवशी घेतले, ते पैसे सगळ्यात कारणी लागले. अंधारात चालताना अंगावर चकाकणारा रिफ्लेक्टर लावायचा तिथे कायदाच आहे, दुकानाने जॅकेटला लावून दिला होता, तुमच्याकडे नसेल तर मागा. अडचणीला नंबर ११२.

खाण्याचं थोडक्यात. भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच. शेव, काळा मसाला, कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी हे चाललं. गंमत म्हणजे ताज्या फळांवर बंधनं आहेत पण केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन ह्यांना कागदपत्राशिवाय सूट आहे, म्हणजे आपली जळगावची केळी थेट ध्रुववृत्तावर जाऊ शकतात भो! फक्त तेरा अंशाच्या खाली केळं काळं पडतं, त्यामुळे बॅगेतून काढलं की लगेच खा, बाल्कनीत ठेवून कौतुक करू नका. शाकाहारी माणसाला करेलियन पेस्ट्री मिळते, राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरलेली, आणि चावताना करकर वाजणारं चीज क्लाउडबेरीच्या जॅमबरोबर, ते आईंनी दोनदा मागितलं. कॉटेजमधे शेवभाजी केली तर फोडणीचा ठसका जपून, स्मोक अलार्म बोंबलतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्यांवर पैसे घालवू नका. सौना, म्हणजे तापवलेली लाकडी खोली असेल तर सोडू नका, ऐंशी अंशात आई आरामात बसल्या आणि बाकीचे पाहुणे बाहेर पळत होते.

कधी जायचं? माझं मत, डिसेंबर सोडा. नाताळात भाव गगनाला आणि उजेड जेमतेम दोन-सव्वादोन तास. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च घ्या, बर्फ भरपूर, दिवस लांब, रात्र अजून ऑरोरापुरती काळी. फिनलंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला फी ९० युरो, निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, पण पंधरा दिवसांवर कोणी ठेवू नये. हेलसिंकीहून रात्रीची ट्रेन घ्या, दोन-दोन जणांच्या छोट्या केबिन असतात, दोन केबिन जोडून मिळाल्या तर चार जणांचं घर करून जाता येतं, सकाळी खिडकीबाहेर पांढरं रान सुरू झालेलं असतं.

आता तो एक स्टार कुठे कापला ते. लहान मुलांचे मिटन संपले होते, पोराला मोठ्यांचे दिले, ते सारखे निसटत होते आणि शेवटी सुपरमार्केटातून नवीन घ्यावे लागले. दुसरं, कपडे परत द्यायची वेळ संध्याकाळी होती आणि आमची टूर उशिरा संपली, तर अख्ख्या दिवसाचं जादा भाडं लावलं, एक शब्द ऐकून घेतला नाही. नियम लिहिलेला होता हे खरं, पण पाहुणा गाव सोडून जाणार आहे हे दिसत असताना तासाभराची सवलत द्यायला काय जात होतं. आणि टोप्या धुतलेल्या असल्या तरी वास जरा येत होता, टोपी आणि बफ स्वतःचे न्या, दोन्हीचं वजन काहीच नाही.

बुकिंग करताना उंची सेंटिमीटरमधे आणि पायाचा नंबर युरोपियन मापात मागतात, आपला सात म्हणजे तिकडचा साधारण एकेचाळीस, त्याच्यावर एक नंबर वाढवून लिहा. पोरांचे मिटन राखून ठेवा असं ईमेलमधे वेगळं लिहा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.